जीपमागचं घर

अकोला

चिखलदऱ्याला जाऊन आलं म्हणून आमच्या अकोल्यात कुणी कौतुक करत नाही. कॉलेजातली पोरं सकाळी मोटारसायकलवर निघतात, धुक्यात फोटो काढतात आणि रात्रीच्या जेवणाला घरी हजर होतात. आम्ही दोघं साठी ओलांडलेली माणसं मात्र जीपच्या मागे घर जोडून गेलो, आणि ते घर आपल्याकडे राहील की जाईल याचा घोर मला सगळ्या वाटेवर होता. म्हणून लिहिते आहे.

घर म्हणजे एक बंद ट्रॉली. उभं राहता येईल एवढी उंच, दोन चाकांची, मागून दार असलेली. बियाणं विकणाऱ्या कुण्या व्यापाऱ्याने प्रचारासाठी ती गावोगाव फिरवली आणि मग शेडमध्ये टाकून दिली. तिच्या एका अंगावर फुटलेल्या कपाशीचं टपोरं बोंड अजून रंगवलेलं आहे, ते मी मुद्दाम पुसू दिलं नाही. आमच्या ह्यांनी, म्हणजे यशवंतरावांनी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर उत्साहाच्या भरात ती आणली. पुढे लक्षात आलं की ट्रॉली मागे घ्यायची तर स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. हे सरळ रेषेतले कालवे काढलेले गृहस्थ. शेजाऱ्यांचं फाटक वाकल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

माझा मात्र तिथून सुरू झाला. लग्न झाल्यापासून मी सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, आणि आमचे हे नियमाचे इतके पक्के की सरकारी भिंतीला खिळा ठोकायची बंदी. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आरसा कपाटाला टेकवलेला, देवसुद्धा पेटीवर. पुढे स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं सुटले, तर ह्यांना टाइल्सची काळजी. ट्रॉलीचा पत्रा पाहिल्यावर मी दुसऱ्याच दिवशी ड्रिल मशीन मागून आणलं आणि हे बाजारात गेलेले असताना मनसोक्त भोकं पाडली.

मी वर्षानुवर्षं शिवणक्लास चालवला आहे. रिकामी भिंत दिसली की मला तिथे खिसा दिसतो. ट्रॉलीची डावी बाजू मी जाड कॅनव्हासच्या खिशांनी भरून टाकली. चष्म्याला खिसा, टॉर्चला खिसा, उदबत्तीला लांबट खिसा, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना झाकणाचा खिसा. मसाल्याच्या बरण्यांची झाकणं फळीला खालून स्क्रूने बसवली, बरणी फिरवून वर लावली की ती लटकते आणि कितीही खड्डा आला तरी पडत नाही. ताटं उभी, मध्ये फडक्याच्या घड्या, म्हणजे खडखडाट नाही. माझ्या जुन्या शिलाई मशीनची फळी बिजागरीने भिंतीला लावली, पाडली की टेबल, उचलली की भिंत. सुताराने केलेले कप्पे छान सरकायचे, इतके छान की पहिल्याच वळणावर सगळे बाहेर आले. मग मी नातवाच्या टाकून दिलेल्या दप्तरांची बक्कलं काढली आणि प्रत्येक कप्प्याला पट्टा लावला.

आणि पडदे. ओटीत आलेले ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, ते एका बाईकडून दुसरीकडे फिरत राहतात, हे काय मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या पेटीत साठलेले सगळे जोडून मी खिडक्यांचे पडदे केले. लाल, मोरपंखी, शेवाळी, एक भयंकर जांभळा. ह्यांनी पाहिले आणि विचारलं, "हे बॅण्डवाल्यायचं दुकान हाय का घर?"

ह्यांचंही एक योगदान होतं. जमिनीवर, बरोबर चाकांच्या आसावर, त्यांनी पिवळ्या रंगाची आडवी रेघ मारली. जड सामान रेघेच्या पुढे, जीपच्या बाजूला. मागे फक्त कपडे आणि पांघरुणं. मागे वजन झालं तर ट्रॉली शेपूट हलवते आणि जीपलाही हलवते. ही रेघ ओलांडायची नाही असं मला त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात पूर्वी ते कालव्यात म्हशी घालणाऱ्यांशी बोलायचे.

मग त्यांनी अट घातली. "मंदा, एक फेरी मारू. चिखलदऱ्याले जाऊ, अमरावतीवरून वापस येऊ. काही फुटलं नाई, सांडलं नाई, तं ठेवू. फुटलं तं प्रमोदले देऊन टाकू. दारात पांढरा हत्ती काहून बांधायचा?"

प्रमोद माझा धाकटा भाऊ, अमरावतीला असतो. त्याचं स्टेशनरीचं दुकान मुलाने हातात घेतल्यापासून त्याला स्वस्थ बसवत नाही. ट्रॉलीचा फोटो पाहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात गिला वड्याचा स्टॉल होता. उडदाचे वडे, वर दही, वर चटणी, आणि अमरावतीकरांना त्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही. माझ्या खिशांच्या भिंतीच्या जागी तो खिडकी कापणार होता, गिऱ्हाइकांना प्लेट द्यायला. मी अट मान्य केली. मला माझ्या बक्कलांवर विश्वास होता.

बार्शीटाकळीच्या अलीकडे

चिखलदरा उत्तरेला. आम्ही निघालो दक्षिणेला. कारण ह्यांची शांताआत्या बार्शीटाकळीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते, आणि घरात नवीन काही आलं, सून असो की सायकल, ते आधी आत्याला दाखवायचं असा ह्यांच्या घराण्याचा रिवाज आहे. मलाही तसंच आणून दाखवलं होतं.

आत्या ऐंशीच्या पुढची, पण डोळे घारीचे. ट्रॉलीभोवती एक फेरी मारून तिने जोडाच्या हुकाला हळदकुंकू लावलं आणि आत शिरली. पहिल्यांदा तिने पडदा धरला.

"हा जांभळा तं माह्या हातचा हाय वं, मंदे. पोराच्या बारशात देला होता तुले."

"हो आत्या."

"अंगात शिवाले देला होता."

"अंगात शिवला असता तर फाटून गेला असता. आता बघा, साऱ्या जिल्ह्याला दिसेल."

हे तिला पटलं असावं, कारण तिने तो जांभळा तुकडा हाताने सारखा केला. मग एकेक बक्कल सोडून कप्पे उघडून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"एवढे कप्पे केले अन् सारे रिकामे?"

मी रेघेचा नियम सांगितला. वजन, आस, शेपूट, सगळं. आत्याने मान हलवून ऐकलं. आत्या मान हलवून ऐकते तेव्हा सावध व्हायचं असतं, हे मी इतक्या वर्षांत शिकायला हवं होतं.

जेवण शेतात होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरून फोडून तुपात बुडवलेले, आणि वांग्याची भाजी, जिच्या तर्रीकडे नुसतं पाहून कपाळाला घाम येतो. पुण्याची आमची सून ही भाजी दह्यात कालवून खाते आणि आम्ही तिला माफ केलेलं आहे. जेवल्यावर हे निंबाखाली आडवे झाले ते घोरायलाच लागले. मला आत्याच्या सुनेने तुरीच्या शेंगा तोडायला बांधावर नेलं. परत आलो तर ट्रॉलीचं दार लावलेलं, आत्या ओसरीवर सुपारी कातरत बसलेली, अगदी साधीभोळी.

"चला, उजेडाचं अकोल्याले पोचा," ती म्हणाली. आमच्याकडे आत्या लवकर निघा असं कधी म्हणत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घाट

रात्र घरीच झोपून दुसऱ्या दिवशी अकोटमार्गे निघालो. जीप जड ओढते आहे असं हे दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यांनी पेट्रोलपंपवाल्यावर संशय घेतला. अंजनगावच्या पुढे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, रस्ता मोकळा मिळाला, ह्यांनी जरा वेग घेतला, आणि ट्रॉलीने मागून एक झोका दिला. मग दुसरा. जीप रस्त्यावर डावी-उजवी होऊ लागली. समोरून कापसाने फुगलेला ट्रक येत होता.

मी घाबरले, खरंच घाबरले. ह्यांनी ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवला, ट्रॉली शांत झाली, ट्रक गेला. ह्यांच्या कपाळावरची शीर उभी होती. परतवाड्यात थांबून पाहू असं ठरलं, पण तिथे ट्रॉली उभी करायला जागा मिळेना. मग तसेच सावकाश घाटाला लागलो. घाटातल्या एका उलट्या वळणावर आतून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ काच फुटल्याचा.

रुंद जागा पाहून थांबलो. ह्यांनी दार उघडलं. पहिल्यांदा वास आला, लिंबाच्या लोणच्याचा.

पिवळ्या रेघेच्या मागे, पांघरुणांच्या खाली, तुरीच्या डाळीचं पोतं झोपलेलं होतं. त्याला टेकून ज्वारीचं पोतं. मागच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी होतं: सांडगे, पापड, गुळाची भेली, घरचं तिखट, मुगाच्या वड्या. आत्याने बक्कलं नीट लावली होती, एक सोडून. त्या कप्प्यात लोणच्याची उंच बरणी बसत नव्हती, म्हणून तिने कप्पा अर्धा उघडा ठेवून त्याच्याभोवती सुतळी बांधली होती. सुतळी तुटली होती. लोणचं माझ्या नव्या गोधडीवरून ओघळून बरोबर रेघेपाशी येऊन थांबलं होतं.

"फुटलं," हे म्हणाले.

"आपलं नाही फुटलं, आत्याचं फुटलं."

"गाडीत फुटलं ना?"

"अट आपल्या सामानाची होती."

"अट अशी होती का काही फुटलं तं. काही म्हंजे काही."

या माणसाने आयुष्यभर टेंडरं वाचली आहेत. मी वाद सोडला आणि फोन लावला.

"आत्या, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"काय केलं? रिकामं घर पाठवू का मी तुले? लोक काय म्हनतीन? बरणी पोचली का नाई?"

"पोचली," मी म्हणाले. खोटं नव्हतं, घाटापर्यंत पोचली होती.

मग आम्ही दोघांनी पोती ओढत ओढत रेघेच्या पुढे नेली, गोधडी गुंडाळून टोपल्यात टाकली, काचा वेचल्या. माकडांचं एक कुटुंब कठड्यावर बसून सगळं बघत होतं. त्यातल्या थोरल्याने लोणच्याची एक फोड उचलली, चाखली आणि इतकं वाकडं तोंड केलं की ह्यांना त्या अवस्थेतही हसू आलं. पुढचा घाट ट्रॉली अगदी शहाण्यासारखी चढली. पण फुटलं ते फुटलं होतं.

चिखलदरा

ओळखीच्या एका गवळ्याच्या आवारात आम्ही ट्रॉली लावली. थंडी अशी की बोटं चहाच्या कपातून बाहेर काढवत नव्हती. गवळ्याने रबडी आणून दिली, शेजारच्या बागेतली कॉफी दिली, आणि आमचं टेबल भिंतीतून खाली येताना पाहून बायकोला हाक मारून बोलावलं.

सकाळी मी दारात स्टो लावून पोहे करत होते, तर एक कुटुंब येऊन रांगेत उभं राहिलं. नवरा, बायको, बायकोची आई.

"तीन प्लेट भजी भेटतीन का?" नवऱ्याने विचारलं.

"हा स्टॉल नाही, घर आहे आमचं," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"घर?" त्याच्या सासूने आत डोकावलं. "माय, खिसेच खिसे."

आता गंमत पाहा. मी काही बोलायच्या आत आमचे हे, जे काल घाटात माझ्याशी टेंडरच्या भाषेत बोलत होते, ते पुढे झाले आणि त्या लोकांना चपला काढायला लावून आत घेऊन गेले. मी पोहे हलवत बाहेरून ऐकत होते. "ही बरणी पाहा, लटकून राहिली ना? हात लावा, पडत नाई. हे बक्कल दप्तराचं. अन् हा पडदा, याच्यात आमच्या घरच्या चाळीस वर्साच्या ओट्या हायत." हे शेवटचं वाक्य मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच पाहून ठेवलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं, कारण दुपारी अमरावतीला जायचं होतं.

निघायच्या आधी पंचबोल पॉइंटला गेलो. तिथे दरीत हाक मारली की ती पुन्हा पुन्हा परत येते. लोक आपापली नावं ओरडत होते. मी ह्यांना म्हटलं, तुम्हीही ओरडा काहीतरी. हे कठड्याला धरून उभे राहिले, घसा साफ केला आणि ओरडले, "लोणचं फुटलं." दरीने ते इतक्या वेळा कबूल केलं की आजूबाजूचे लोक आमच्याकडे वळून बघू लागले. मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीपकडे चालू लागले.

अमरावती

प्रमोद फाटकात टेप घेऊन उभा होता. मेजरिंग टेप. ताई आली म्हणून तो आधी माझ्या पाया पडला, आणि वाकल्या वाकल्याच त्याने ट्रॉलीची रुंदी मोजली.

"भाऊजी, फुटलं का काही?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती.

"फुटलं," हे म्हणाले.

प्रमोद आत शिरला. इथे कढई, इथे दह्याचं पातेलं, इथून गिऱ्हाईक. माझ्या खिशांच्या भिंतीवर त्याने खडूने खिडकीचा चौकोन काढला. उदबत्तीचा खिसा त्या चौकोनात आला. मी बाहेर आले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. तिथे माझी भावजय सुनंदा पाटवड्या थापत होती. मी पाटावर बसले आणि रडले. लपवायचं काय त्यात.

सुनंदा तोंडाची फटकळ, पण मनाची स्वच्छ. तिने हात धुतले.

"ताई, तुमाले वाईट वाटून राह्यलं, ते दिसतेच. पन मले एक सांगा. वडे तळन कोन?"

"प्रमोद म्हणाला की तो..."

"त्यायले आजपर्यंत पापड भाजता आला नाई. रोज उडीद भिजवणार मी, वाटणार मी, तळणार मी. अन् हे गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकासंग गप्पा मारणार." तिने पाटवडीची कड सुरीने सरळ कापली. "तुमी आज माहेरी आल्या ना? मंग माहेरासारख्याच जा. माणसायले जेवू द्या आधी."

माणसांना तिने असं जेवू घातलं की त्यांनी उठून खुर्चीपर्यंत जाऊ नये. पाटवड्यांचा रस्सा, तेलाने चकाकणारा, मांडे, वर भात, वर पुन्हा आग्रह. दोघंही दिवाणावर कलंडले. मग आम्ही दोघी कामाला लागलो. शेवयांचे डबे, काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे, कुरडया, संत्र्यांच्या पेट्या, एक नवीकोरी दुलई. लोणचं फुटल्याचं कळल्यावर तिने दोन बरण्या दिल्या, एक लिंबाची, एक मिरचीची. मी तिला पिवळी रेघ दाखवली. तिने सगळं सामान रेघेच्या पुढे असं रचलं की आत्याने येऊन धडा घ्यावा. प्रत्येक बक्कल लावलं. शेवटी मला आतल्या बाकावर बसवून तिथेच माझी ओटी भरली, आणि उंबरठ्याला कुंकवाची बोटं लावली. ओटीतला ब्लाउजपीस पोपटी होता. माझ्या लक्षात आलं की तो मीच तिला दिलेला होता.

प्रमोद डोळे चोळत बाहेर आला.

"हे काय करून राह्यल्या तुमी?"

"बहीन माहेराहून चालली तुमची," सुनंदा म्हणाली. "रिकामी पाठवू का?"

"पन ट्रॉली तं आपल्याकडे..."

"मंग उतरवा सामान. ताईची भरलेली ओटी उतरवा. मी फाटकात उभी राहून साऱ्या गल्लीले सांगते का भावानं बहिणीले दिलं ते वापस घेतलं."

प्रमोदने गल्लीकडे पाहिलं. समोरच्या दोन बाल्कन्यांत माणसं आधीच आलेली होती. मग त्याने शेवटचा आधार म्हणून ह्यांच्याकडे मोर्चा वळवला. "भाऊजी, तुमी तं नियमाचे मानूस. अट तुमचीच होती. तुमीच सांगा."

आणि हे खरंच नियमाचे. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या बाजूनेसुद्धा नियम वाकवलेला मी पाहिला नाही.

ह्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, ट्रॉलीच्या दारातून आत पाहिलं. रेघेच्या पुढचं सामान पाहिलं, मागची रिकामी जागा पाहिली, ओटी घेऊन बसलेल्या मला पाहिलं, आणि माझ्यामागचा खडूचा चौकोन.

"प्रमोद, बरणी फुटली हे खरं हाय," ते म्हणाले. "ट्रॉली तुही झाली. मी शब्द फिरवत नाई. पन आत माल असताना ताबा देता येत नाई. खात्यात आमचा तसा नियम हाय. गोदाम रिकामं झालं, मंगच चावी."

"मंग रिकामी करून कधी देसान?"

"माल उतरला का कळवतो."

प्रमोदने टेप खिशात घातला. तो वाईट माणूस नाही. निघताना त्यानेच जीपला ट्रॉली जोडून दिली आणि हुक दोनदा हलवून पाहिला, आणि सुनंदा त्याच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत पदराने तोंड पुसत होती.

अकोल्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. ट्रॉली लावताना ह्यांनी शेजाऱ्यांचं फाटक जरासं वाकवलंच. मग स्वतः शर्टाच्या बाह्या सारून सामान उतरवायला लागले. पोती, पेट्या, बरण्या, दुलई. मला हात लावू दिला नाही. मी ओल्या फडक्याने खडूचा चौकोन पुसला आणि बघत राहिले, कारण सामान उतरलं की फोन जाणार, आणि फोन करायचं म्हटलं की हे विसरत नाहीत.

सगळं घरात गेलं. आत फक्त शेवयांचा एक डबा उरला होता. मी तो उचलायला वाकले.

"तो राहू दे," हे म्हणाले.

"एकच तर आहे. नेते मी."

"राहू दे म्हणलं ना." त्यांनी डबा माझ्या हातून घेऊन परत कप्प्यात ठेवला, पट्टा ओढला आणि बक्कल लावलं. "तो उतरला का प्रमोदले कळवावं लागते."